वाचनालयातले काका

शिवणवाल्या मावशींचा नवरा गेला, आणि गेला तो अंगावरच्या कपड्यांसकट गेला. हॉस्पिटलची माणसं आली, त्याच्या पाकिटातलं देहदानाचं कार्ड दाखवलं, हात जोडले आणि त्याला घेऊन गेली. मावशी दारात उभ्या होत्या. रडायला बसावं तर कुणाच्या उशाशी बसायचं, हाच प्रश्न होता.

नवरा किल्ल्या बनवणारा. बाजाराच्या तोंडाशी एवढंसं दुकान, पण जिभेला कुलूप म्हणून नाही. एकदा जेवताना म्हणाला होता, "मेल्यावर तरी मला कुणाच्या उपयोगी पडू दे." मावशी म्हणाल्या, "आधी जिवंतपणी पडा. मोरीतला नळ गळतोय." दोघंही हसले आणि विषय तिथेच संपला. निदान मावशींना तरी तसं वाटलं. पठ्ठ्याने फॉर्म भरून सही केली, एका शेजाऱ्याला साक्षीदार केलं आणि बायकोला एका शब्दाने विचारलं नाही. लोकांना हे फार थोर वाटलं. मला विचाराल तर थोर होतंच, पण बायकोला सांगून थोर होता आलं असतं.

त्याची बहीण आली ती आगपाखड करतच. "माझ्या भावाला असं वाऱ्यावर सोडलंस? अगं, परक्या माणसालासुद्धा कुणी असं करत नाही!" इच्छा त्याची, सही त्याची आणि बोल मात्र मावशींना. त्या दिवसापासून नणंदेचं येणं बंद झालं.

दुःख तर होतंच, पण दुःखाला एक जागा लागते. नवरा गेला हे कळत होतं, कुठे गेला ते कळत नव्हतं, आणि तेच मावशींना खाऊ लागलं. एकदा धीर करून त्या हॉस्पिटलात गेल्या. तिथला कारकून भला माणूस होता. खुर्ची दिली, पाणी दिलं आणि म्हणाला, "बाई, कोण कुठे आहे ते आम्ही कुणालाच सांगत नाही. नियमच आहे तसा."

"म्हणजे माझा माणूस इथेच आहे, आणि मला सांगणार नाही?"

"इथे असेल, नाहीतर दुसरीकडे कुठे पाठवला असेल. खरंच नाही सांगता येत."

आणि घरी? घरी तो रोज येत होता. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळेला जिन्यात किल्ल्यांचा जुडगा वाजायचा. एकेक पायरी चढत आवाज दाराशी यायचा आणि थांबायचा. मावशी दार उघडायच्या तर बाहेर कुणी नाही. आधी त्यांची बोबडी वळली. मग सवय झाली. पुढे पुढे तर आवाजाला जरा उशीर झाला की त्यांचा जीव वरखाली व्हायचा आणि मशीनवरचा पाय थांबायचा. हे त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी डॉक्टर गाठून दिला असता, आणि डॉक्टरने गोळ्या देऊन तेवढाही नवरा काढून घेतला असता.

याच सुमारास वाचनालयात मुलांचा रविवारचा वर्ग सुरू झाला. शास्त्र आणि चित्रकला एकाच छताखाली, फुकट. वाचनालयाने वरचा हॉल दिला. नाटकवाल्यांनी जुने दिवे आणि पडदे दिले. कोपऱ्यावरच्या सुताराने चित्रांसाठी तिवया करून दिल्या. हॉस्पिटलने डॉक्टर आणि काचेच्या बरण्या पाठवल्या. ज्याने त्याने आपली अडगळ इथे आणून टाकली, असं म्हणणारेही होते. त्यांनी स्वतः मात्र अडगळसुद्धा दिली नव्हती. गल्लीतल्या बायकांनी झाडलोट आणि खाऊ वाटून घेतला. मावशींकडे शिवण आली आणि हॉलची किल्लीही आली. वर्ग चालवायचे चित्रकलेचे सर. ताडमाड उंच, केसांत कायम कुठला तरी रंग. त्यांचं एकच म्हणणं होतं, "नीट बघायला शिका रे. शास्त्रही तेच आणि चित्रही तेच."

एका रविवारी हॉस्पिटलने सांगाडा पाठवला. खरा. तारेने जोडलेला, चाकांच्या लोखंडी स्टँडला टांगलेला. सोबत डॉक्टरीणबाई आल्या होत्या. त्या मुलांना म्हणाल्या, "हे एक माणूस होतं. तुम्हाला शिकता यावं म्हणून त्याने स्वतःला देऊन टाकलं. तेव्हा आधी नमस्कार करायचा, मग हात लावायचा." एवढं बोलून त्या घाईने निघून गेल्या, त्यांची ड्युटी होती. मुलांनी मात्र शब्द पाळला. जो तो आत आला की त्या हाडांच्या पंजाशी हात मिळवायचा आणि म्हणायचा, "नमस्कार, काका." काका कुणी ठरवलं ते कुणाला आठवत नाही. मुलांनी ठरवलं की ठरलं.

मावशी कोपऱ्यात पडद्याला कड घालत होत्या. त्यांनी मान वर केली आणि सुई बोटात गेली. सांगाड्याच्या डाव्या हातावर, कोपराच्या खाली, एक गाठ होती. मोडून वेडंवाकडं जुळलेल्या हाडाची गाठ.

ऐन तारुण्यात नवरा कुणाच्यातरी खिडकीची कडी काढताना शिडीवरून पडला होता. डावा हात मोडला, धड बसला नाही आणि दोन बोटं आखूडच राहिला. मावशींनी जन्मभर त्याच्या शर्टाची डावी बाही आखूड कापली होती.

त्या संध्याकाळी जिन्यात किल्ल्या वाजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. आठवडा उलटला तरी जिना गप्पच. मावशींचं मन निवांत झालं. त्यांचा हिशेब साधा होता. माणूस तिकडे राहायला गेला, मग इकडे कशाला येईल?

सर म्हणाले, "मावशी, धूळ फार बसते हो हाडांवर. एक गवसणी शिवून द्याल? पिशवीसारखी, वरून घातली की झालं." मावशींनी टेप लावून उंची तेवढी घेतली. बाकी मापं घ्यायला त्यांचा हात पुढे होईना. घरी कापड पसरलं, कात्री धरली आणि हाताला सवय होती ते हाताने केलं. कॉलर झाली, खिसा झाला, डावी बाही दोन बोटं आखूड झाली. काजं करायला बसल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की आपण गवसणी शिवलेलीच नाही.

"अहो मावशी, हा तर शर्ट झाला!" सर पोट धरून हसले. मुलं तर नाचायलाच लागली. शर्ट सांगाड्याला चढवला. डावी बाही मनगटाशी अगदी बरोबर आली. खांद्यात मात्र तो ढगळ झाला, चांगलाच ढगळ. मावशींनी स्वतःची समजूत घातली, की मांस गेल्यावर माणूस उतरणारच. ज्याला पटवून घ्यायचंच असतं त्याला पटायला वेळ लागत नाही.

मग रविवारी वर्गाच्या कितीतरी आधी मावशी हॉल उघडू लागल्या. फडक्याने एकेक हाड पुसायच्या आणि तोंडाचा पट्टा चालू ठेवायच्या. "मला एका शब्दाने विचारलं असतंत तर जीभ झडली असती का? तुमची बहीण माझं तोंड बघत नाही. त्या नळाचं शेवटी मीच केलं, प्लंबर बोलावून." कधी भांडायच्या, कधी हसायच्या. नवराबायकोत चार भिंतींआड जे बोललं जातं, तेही बोलायच्या. लग्नानंतर मूल झालं नाही, ते दुःख दोघांनी एकमेकांपासून कसं लपवलं, ते त्यांनी पहिल्यांदा इथे काढलं. "तुम्ही मुलांच्या सायकलींची कुलपं फुकट काढून द्यायचात ना? मला कळायचं हो. मी बोलले नाही एवढंच." हात मिळवायला मुलांची रांग लागायची, ती बघताना मावशींचे डोळे भरून यायचे. एवढी मुलं दर रविवारी काका काका करतात, नशीब काढलंन माणसाने!

बघता बघता हिवाळा आला. सरांनी मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन ठरवलं आणि चित्रं चुकू नयेत म्हणून डॉक्टरीणबाईंना पुन्हा बोलावलं. त्या आल्या, चित्रं बघितली, कौतुक केलं. एका मुलीने कमरेचं हाड काढलं होतं, अगदी मन लावून. डॉक्टरीणबाईंनी ते चित्र उचललं आणि हसल्या.

"छान काढलंयस गं. पण खाली 'काका' का लिहिलंस?"

"काकाच आहेत ना ते!"

"कुणी सांगितलं?"

सर कान खाजवू लागले. डॉक्टरीणबाईंनी शर्ट वर केला. "हे बघा. ही हाडं पसरट आहेत, आणि मधली जागा केवढी मोठी आहे. बाळाला बाहेर यायला लागते ती. पुरुषांची अशी नसते. हे तुमचे काका नाहीत, काकू आहेत."

हॉलमध्ये हशा उसळला. "काका काकू निघाले!" एकजण ओरडला. "मग काकूंनी शर्ट का घातलाय?" दुसऱ्याने विचारलं. ती चित्रवाली मुलगी फणकाऱ्याने म्हणाली, "त्यात काय? माझी आई पण बाबांचा शर्ट घालते."

मावशी खाऊचा डबा घेऊन उभ्या होत्या. डबा हातातून सुटला नाही, त्या पडल्या नाहीत, काहीच झालं नाही. सगळे पांगल्यावर त्या डॉक्टरीणबाईंपाशी गेल्या. "चूक होऊ शकते का हो? कधीतरी?"

"क्वचित होते. पण इथे नाही, मावशी. ही बाईच. का हो?"

"काही नाही. शर्ट शिवला ना मी, म्हणून विचारलं."

घरी येऊन त्या दिवा न लावता बसून राहिल्या. दुकान बंद व्हायची वेळ झाली. मावशींनी कानात प्राण आणून ऐकलं. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची सरकवली, खाली एक सायकल गेली. जिना गप्प होता. त्यांनी दार उघडं टाकलं, न जाणो, दार बंद बघून परत जात असेल. सगळा आठवडा त्यांनी असा काढला, रोज त्या वेळेला दार उघडं ठेवून. कुणी आलं नाही. तिथेही तो नव्हता आणि आता इथेही नव्हता. नवरा मेला ते मावशींना त्या आठवड्यात कळलं. मग मात्र त्या रडल्या. शेजारीण धावत आली आणि मावशींना जवळ घेऊन बसली. एवढ्या महिन्यांनी आत्ता काय झालं, असं तिने विचारलं नाही, शहाणी बाई.

रविवारी हॉल उघडायचा होता. जावं की न जावं, या विचारात मावशी बराच वेळ चपला घालून नुसत्या उभ्या राहिल्या. लाज वाटत होती त्यांना. आपण काय काय बोललो, कुणाला बोललो! एका परक्या बाईला नळापासून पलंगापर्यंत सगळं सांगून बसलो. त्या बिचारीने ऐकलं तरी किती, मध्ये एकदाही तोंड न उघडता. आणि तिचंही कुणीतरी असेलच की. असंच कुठेतरी दार उघडं टाकून बसलेलं.

मावशी गेल्या. खिडक्या उघडल्या, फडकं भिजवून पिळून घेतलं. सांगाड्याजवळ आल्यावर त्या क्षणभर घुटमळल्या. कुणाच्या घरी पहिल्यांदाच गेल्यावर घुटमळतो तशा. मग मुलं करायची तसा त्यांनी तिचा हात हातात घेऊन नमस्कार केला, स्टूल ओढलं आणि तिच्यासमोर बसल्या.

"माझंच पुराण लावलं इतके दिवस," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही सांगा बाई. तुमच्या घरी कोण कोण आहे?"