बाबांकडे उरलेली वाक्यं

बाबा टीव्हीशी भांडायचे. टीव्ही सेंटर भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये संध्याकाळच्या बातम्या लागल्या, की चहाचा कप हातात घेऊन ते निवेदकाला धारेवर धरायचे. "कुणी सांगितलं तुला? पुरावा दाखव की आधी!" आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, त्याला ऐकू जातंय व्हय?" बाबा म्हणायचे, "नाय जात, म्हणून तर बोलतोय." सगळी नोकरी वरिष्ठांपुढं मान खाली घालून केलेला हा माणूस निवृत्त झाल्यावर टीव्हीपुढं मोकळा झाला होता. घरून काम करणारी मी त्यांच्या आवाजाला कंटाळून खोलीचं दार लावून घ्यायची.

मागच्या उन्हाळ्यात दाढी करता करता त्यांच्या हातातून ब्रश पडला. मेंदूचा झटका होता. उजवी बाजू गेली. पुढं पायात थोडं बळ आलं, काठी घेऊन ते घरातल्या घरात चालायला लागले. हातही जरा हलायला लागला. बोलणं मात्र गेलं ते गेलंच. त्यांना सगळं कळत होतं, निदान डोळ्यांवरून तरी तसं वाटायचं. तोंड उघडलं की नुसता आवाज यायचा आणि तो आवाज ऐकून ते स्वतःच दचकायचे.

वाचा-उपचार करणाऱ्या बाई म्हणाल्या, "त्यांच्या आवडीचं काहीतरी सतत कानावर पडू द्या." आवडीचं म्हणजे बातम्या. आईनं त्या दिवसापासून टीव्ही लावला तो सकाळच्या चहापासून झोपेपर्यंत. युद्ध, अपघात, कुणी कुठला पक्ष सोडला, कुठल्या पुलावरून कुणाची गाडी खाली आली. मध्येच जाहिरात लागायची, तीत एक नवी गाडी मालकाशी गोड आवाजात बोलायची, कुठं जायचं म्हणून विचारायची. मालक हसून उत्तर द्यायचा. बाबा ती जाहिरात टक लावून बघायचे. मला ती बघवायची नाही. गाड्यांना वाचा फुटत होती आणि माझ्या बापाला पाणी मागता येत नव्हतं.

मग एका दुपारी निवेदक तोंड उघडणार एवढ्यात बाबाच म्हणाले, "मोठी बातमी."

अगदी स्पष्ट. आई कणकेच्या हातांनी पळत आली आणि रडायलाच लागली. तिनं त्या दिवशी शिरा केला, शेजारीपाजारी वाटला. पुढच्या काही आठवड्यांत आणखी दोन वाक्यं आली, "थेट जाऊया" आणि "पाहत राहा". ज्यांच्याशी जन्मभर भांडले त्यांचीच वाक्यं बाबांच्या तोंडात उरली.

मी उपचाराच्या बाईंना विचारलं. त्यांनी आशा लावली नाही. "पाठ झालेलं असतं ते, आपोआप बाहेर पडतं. बोलणं वेगळं." आईनं हे मानलं नाही. तिनं प्रत्येक वाक्याचा अर्थ लावून टाकला. 'पाहत राहा' म्हणजे इथंच बस. 'थेट जाऊया' म्हणजे बाथरूमकडं घेऊन चल. कधी तिचं बरोबर निघायचं, पुष्कळदा चुकायचं. चुकलं की ती म्हणायची, "आज त्यांचं मन नाय." मला वाटायचं, बाबांच्या मागोमाग आईही हातची चाललीय.

पावसाळा संपताना लासूर स्टेशनला माझ्या मामेबहिणीचा साखरपुडा ठरला. झटक्यानंतर आई पहिल्यांदाच दिवसभर घराबाहेर राहणार होती. सकाळच्या बसनं जाताना तिनं दहादा बजावलं, औषध कुठलं, पोळी कशी कुस्करायची. एक गोष्ट तेवढी तिनं सांगितली नाही, कारण ती आमच्या घरात मुलीला सांगायची रीत नव्हती.

त्या दिवशी शहरात कुणी मोठा नेता येणार होता. सकाळपासून टीव्हीवर तेच. जालना रोडवरच्या कमानी, झेंडे, बंदोबस्त. बाबा खुर्चीत होते. दोन-तीनदा काठी टेकत बाथरूमला जाऊन आले, तो आवाज मी कानावरच्या हेडफोनमधूनही ऐकला होता. दुपारी लाइट गेली आणि घर एकदम शांत झालं.

त्या शांततेत बाबा म्हणाले, "मोठी बातमी."

मी ताडकन उठले. टीव्ही बंद होता. त्यांनी कुणाच्याही मागं न म्हणता, स्वतःहून म्हटलं होतं. मी धावत बाहेर गेले. "काय म्हणालात बाबा? परत म्हणा!" ते म्हणाले, "मोठी बातमी. मोठी बातमी." मी मोबाईलवर व्हिडिओ काढला, आईला पाठवला. तिकडं साखरपुड्याच्या मांडवात ती किती खूश होईल, हेच माझ्या डोक्यात.

लगेच तिचा फोन आला. मागं बँडचा आवाज होता.

"अगं, हात बघ त्यांचा!"

"काय झालं?"

"ओटीपोट धरलंय त्यांनी. सकाळपासून लघवीला झाली का?"

मला माहीत नव्हतं. त्यांना लघवीचा त्रास आहे, ही तेवढी एक गोष्ट आईनं सांगितली नव्हती.

"फोन त्यांच्या कानाला लाव," ती म्हणाली. मी स्पीकर लावला. "अहो, ऐकताय ना? लघवी होत नाय का?"

बाबांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडांतून पाणी आलं. मग अगदी हळू, दमलेल्या आवाजात ते म्हणाले, "मोठी बातमी." मी त्यांच्या पोटाला हात लावला. दगडासारखं घट्ट लागलं आणि ते कळवळले.

रुग्णवाहिकेला फोन केला तर बंदोबस्तामुळं वेळ लागेल म्हणाले. लिफ्ट बंद. मी खालच्या मजल्यावरच्या चाचांचं दार वाजवलं. ते रिक्षा चालवतात, जेवून नुकतेच आडवे झाले होते. त्यांनी काही विचारलं नाही. "कुर्सी में बिठाव बेटा, आस्ते आस्ते लेके जाते," म्हणाले. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून आम्ही दोघांनी बाबांना जिन्यानं उतरवलं. प्रत्येक पायरीला ते कण्हत होते. गाडी बाबांचीच, निवृत्त होताना घेतलेली. मी चालवायला बसले, चाचा मागं बसून त्यांना धरून राहिले.

मोबाईलच्या नकाशावर सगळे रस्ते लाल. सकाळपासून टीव्हीत बघितलेली गर्दी आता काचेपलीकडं उभी होती. जालना रोडच्या तोंडाशी बॅरिकेड लावलेलं आणि पोलीस आडवा हात करून उभा.

"बंद आहे. मागं फिरवा."

"पेशंट आहे हो गाडीत. हॉस्पिटल समोरच आहे, तेवढं..."

"सकाळपासून सगळ्यांकडं पेशंटच आहेत मॅडम. फिरवा गाडी."

मागं फिरवायला जागाच नव्हती. हॉर्न, भोंगे, कुठंतरी घोषणा. तेवढ्यात मागच्या उघड्या खिडकीशी बसलेल्या बाबांचा आवाज आला. "थेट जाऊया."

पोलिसाला आधी हसू आलं. म्हातारा चेष्टा करतोय असं त्याला वाटलं असणार. तो खिडकीशी वाकला. घामानं भिजलेला चेहरा, हनुवटीवर ओघळलेली लाळ, चाचांचा शर्ट मुठीत गच्च धरलेला डावा हात, हे सगळं त्यानं बघितलं. तो सरळ झाला आणि बॅरिकेड ओढत म्हणाला, "जा ताई. डाव्या अंगानं काढा, पुढं कुणी अडवलं तर माझ्याकडं बोट दाखवा."

हॉस्पिटलात नळी घातली. पिशवी भरत गेली आणि बाबांचा चेहरा सैल पडत गेला. डॉक्टर म्हणाले, प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यानं लघवी अडकली होती. आणखी उशीर झाला असता तर किडनीवर आलं असतं. चाचा बाहेर बाकावर बसून होते, मी सांगितलं तेव्हा त्यांनी वर बघून दोन्ही हात चेहऱ्यावरून फिरवले.

संध्याकाळी आई आली, साखरपुड्याच्या पैठणीतच. पलंगाच्या कडेला बसून बाबांच्या कपाळावरून हात फिरवत राहिली. "कळलं मला," ती म्हणाली. "कळलं बरं का तुमचं."

नंतर मी उपचाराच्या बाईंना सगळं सांगितलं. बाबांनी ते ठरवूनच म्हटलं ना, असं विचारलं. "असेल," म्हणाल्या. "पण त्याच्यावर विसंबू नका."

मी विसंबले. पुढचे कितीतरी दिवस बाबा "मोठी बातमी" म्हणाले, की मी हातातलं काम टाकून त्यांच्यापुढं बसायची. "काय झालं बाबा? पाणी? पंखा? दुखतंय? उशी?" ते मान हलवायचे. नाही. नाही. मी आणखी विचारायची. आणखी नाही. माझ्याकडचं विचारायचं संपून जायचं आणि त्यांचं सांगायचं तसंच राहायचं. मग ते डाव्या हातानं खुर्चीचा दांडा बडवायचे. आतमध्ये एक माणूस पुराव्यानिशी, मुद्देसूद काहीतरी सांगत होता आणि बाहेर तेच दोन शब्द येत होते. लासूरच्या फोनसारखं नेमकं मला पुन्हा कधीच सापडलं नाही. आईलाही नाही. रात्रंदिवस त्यांच्यापाशी असूनही नाही.

थंडीत आणखी एक झटका आला. डॉक्टर त्याला छोटा म्हणाले. त्यात ती तीन वाक्यंही गेली.

आता टीव्ही कुणी लावत नाही. किती वाजले हे कळेनासं झालंय, जगात काय चाललंय तेही. परवा उपचाराच्या बाईंनी ओळखायला लावायच्या चित्रांची कार्डं आवरून ठेवली आणि म्हणाल्या, आता यांना दर आठवड्याला आणायची गरज नाही, तुमची धावपळ होते, महिन्यातून एकदा आणा. त्या फार हळुवारपणे म्हणाल्या. आईनं "बरं" म्हटलं आणि बाबांचा स्वेटर नीट केला.

परत येताना सेव्हन हिलच्या सिग्नलला गाडी थांबली. मागच्या सीटवर दोघं शेजारी शेजारी. आई त्यांच्याकडं वळून म्हणाली, "अहो, रात्रीला काय करू? भाकरी टाकू का खिचडी लावू?"

आणि ती थांबली. लग्न झाल्यापासून रोज हे विचारून जशी थांबत आली असेल, तशीच. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, बाबांच्या तोंडाकडं लागलेला. बाबा काचेतून बाहेर बघत होते. सिग्नल सुटला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, आणि मला गाडी पुढं काढता येईना.