अन्सारी सरांना विचारलेला प्रश्न

काल जुनं कपाट उघडलं आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासाबरोबर भाईंदरच्या वाचनालयातली वीसेक वर्षांपूर्वीची संध्याकाळ आठवली. अन्सारी सरांच्या वह्यांना तोच वास होता.

सर मीरा रोडच्या उर्दू शाळेतून निवृत्त झालेले. सूफींच्या ईश्वरविचारात प्राचीन ग्रीकांचं गूढ तत्त्वज्ञान कसं मिसळलं, यावर ते बारा वर्षं लिहीत होते. "सूरजमधून किरणं निघतात, पण सूरज कमी होत नाही. तसं त्या एकातून सगळं जग आलं. ही ग्रीकांची कल्पना अरबी भाषांतरांतून सूफींकडे पोचली," ते सांगत होते आणि माणसं मन लावून ऐकत होती.

मी तत्त्वज्ञानात नुकतीच एम. ए. झाले होते. मला सोडून यांना व्याख्यानाला बोलावलं, हा राग डोक्यात होता. मी उभी राहिले.

"सर, तुम्हाला ग्रीक येतं?"

"नाही."

"मग बारा वर्षं काय उतरवून काढत होतात?"

एक जण हसला, मग सगळेच हसले. सरांनी वही मिटली. मला फार बरं वाटलं.

बाहेर चपला घालताना ते जवळ आले. "बेटी, ठीक पूछा आपने. मला ग्रीक शिकवाल? मी रोज येईन."

"या वयात?" म्हणून मी रिक्षात बसले.

सरांनी पुन्हा कुठे व्याख्यान दिलं नाही. त्यांचं म्हणणं बरोबर होतं, हे मला पुढे कॉलेजात तोच विषय शिकवताना कळलं. आणि ग्रीकचं एक अक्षरही मला तेव्हा येत नव्हतं, आजही येत नाही.