दीपमालाच्या नावावरचे आजार

दीपमाला विश्रांतवाडीतल्या आमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. यवतमाळकडची. नवरा अपघातात गेला तेव्हा तिची मुलगी सृष्टी वर्षाचीसुद्धा नव्हती. अमेरिकेतले डॉक्टर रोग्यांबद्दल जे बोलत ते कानाला हेडफोन लावून ऐकायचं आणि टाइप करायचं, अशा एका कंपनीत ती नोकरीला होती. दिवसभर परक्यांची दुखणी लिहायची आणि घरी आली की पोरीचं दुखणं.

सृष्टीला दमा होता. छाती वाजू लागली की शाळेतून फोन यायचा आणि दीपमाला रिक्षा करून धावायची. औषधपाणी कंपनीच्या विम्यावर चालायचं. रजेचं मात्र तसं नव्हतं. आजारपणाची रजा होती, पण स्वतःच्या आजाराची. पोर आजारी पडली तर आईने काय करायचं, हे नियम करणाऱ्याला सुचलं नसावं. त्याच्या घरी बायको असणार.

"काका, पोरगी बिमार पडली तं सुट्टी नाही म्हणतात जी," ती माझ्याकडे येऊन म्हणाली.

मी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं कारकुनी केलेली. अक्कल पाजळायला मला निमित्तच लागतं. म्हटलं, "मग तू आजारी पड. डॉक्टरांकडून स्वतःच्या नावाचा दाखला घे आणि टाक रजा. आमचं अख्खं खातं असंच चालायचं."

आमच्याकडे दाखला फायलीत जायचा आणि फाइल कपाटावर. तिला पुन्हा हात लावायची कुणाची टाप नव्हती, इतकी धूळ. पुढच्या दोन वर्षांत दीपमालाला कावीळ झाली, टायफॉइड झाला, दोनदा न्यूमोनिया झाला. त्या प्रत्येक दिवशी ती सृष्टीच्या नाकाला वाफेचं यंत्र धरून बसली होती. तिला स्वतःला साधी सर्दी झालेली मी पाहिली नाही.

पण तिच्या कंपनीत कपाट नव्हतं. सगळं कॉम्प्युटरमध्ये. मार्चमध्ये साहेबांनी तिला बोलावलं आणि चारही आजार एका कागदावर दाखवले. "मॅम, तुमची हेल्थ या कामाला सूट होत नाहीये. अनफिट म्हणून साइन करा. दोन महिन्यांची नोटीस."

संध्याकाळी तो कागद घेऊन ती माझ्या दारात उभी. सृष्टी मागे, पाठीला दप्तर.

"मी येतो उद्या तुझ्या कंपनीत," मी म्हटलं. "सांगतो, ही अक्कल माझी. हिला काही झालेलं नाही."

"नका काका. दाखले खोटे निघाले तर उद्याच काढतील. विमा बंद. परवा सृष्टीला ॲडमिट करायचं आहे. सही केली तर दोन महिने तरी विमा राहतो."

आयुष्यात हजारो अर्ज मी लिहिले. त्या दिवशी एक ओळ सुचेना. मला स्वतःची लाज वाटली आणि त्या लाजेचा तिला काडीचा उपयोग नव्हता. तिने माझ्याच टेबलावर, माझ्याच पेनाने सही केली.

सृष्टी सगळं ऐकत होती. "आई, तू बिमार आहेस?"

दीपमालाने माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "हो, बेटा."

सृष्टीने दप्तर उघडलं, आपला दम्याचा पंप काढला आणि आईच्या हातात दिला.