साडूचं रडार

माझ्या साडूला तीन वर्षांत वेगाचा एकही दंड झाला नव्हता आणि मला त्याच तीन वर्षांत पाच झाले होते. हे मी आज शांतपणे लिहू शकतोय याचं माझं मलाच कौतुक वाटतं. तेव्हा कोणी माझ्यासमोर हा विषय काढला असता तर मी ताटावरून उठलो असतो.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो दुबईत, एसी ऑफिसात. मी अबू धाबीजवळ मुसफ्फात, एका फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्ये मेंटेनन्स सुपरवायझर. त्याची मोटरसायकल हजार सीसीची, शोरूममधून पेढे वाटत आणलेली. माझी चारशेची, एका फिलिपिनो माणसाकडून सेकंडहँड घेतलेली. इथपर्यंत मी सहन केलं होतं. पगार आणि गाडी ज्याच्या त्याच्या नशिबानं मिळते. पण तो माझ्यापेक्षा जोरात चालवतो हे मी स्वतः मागून पाहिलं होतं, आणि तरीही सापडायचो मीच. तिथे माझ्या पोटात दुखायला लागलं.

इथे रस्त्याकडेला वेग मोजणारे कॅमेरे उभे असतात, त्यांना सगळे रडारच म्हणतात. रडारनं पकडलं की गाडीच्या मालकाला मेसेज येतो. गाडी नावावर करताना माझं सिम कंपनीचं होतं, म्हणून मी बायकोचा नंबर दिला होता. आयुष्यात केलेल्या चुकांची यादी केली तर ही बरीच वर येईल. मी वर्कशॉपमधून घरी पोचायच्या आत माझा गुन्हा घरी पोचलेला असायचा. चहाचा कप पुढे ठेवताना बायको मेसेज वाचून दाखवायची: रस्ता कोणता, वेग किती, दंड किती दिरहॅम आणि त्याचे रुपये किती.

तिकडे माझी मेहुणी फॅमिली ग्रुपवर फोटो टाकायची. फुजैराचा समुद्र, रास अल खैमाचे डोंगर, आणि प्रत्येक फोटोत ती साडूच्या मागे हेल्मेट घालून बसलेली. सासरे व्हिडिओ कॉलवर म्हणायचे, धाकटे जावई गाडी कशी जबाबदारीनं चालवतात बघा. मी थोरला जावई, शेजारी बसून मान डोलवायचो. माझी बायको माझ्या मागे बसत नसे. तिच्या कमरेला गाडी सोसत नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलं होतं.

पाचवा दंड मला मुसफ्फाच्या अलीकडच्या एका पुलापाशी झाला. त्या रस्त्यावर वर्षानुवर्षं एकशेवीसची पाटी होती. ती एके दिवशी शंभराची झाली आणि पुलाच्या सावलीत नवं रडार उभं राहिलं. मी सवयीनं एकशेवीसनं गेलो. त्या संध्याकाळी बायकोनं मेसेज वाचला, फोन उलटा ठेवला आणि म्हणाली, "आता आणखी एक मेसेज आला की गाडी विकायची. खलास."

ती चिडली नव्हती, म्हणून मी घाबरलो. वर्कशॉपमध्ये आठवडाभर लोखंडाची धूळ खाल्ल्यावर शनिवारी सकाळी त्या गाडीवर बसलं की मला मी कोणीतरी आहे असं वाटायचं. ती गेली असती तर माझ्याकडे कंपनीची बस आणि भाजीच्या पिशव्यांसाठी घेतलेली जुनी कार तेवढी उरली असती. आणि साडू हजार सीसीवर फिरत राहिला असता. खरं सांगायचं तर माझी झोप या दुसऱ्या कल्पनेनंच जास्त उडाली.

याच्याकडे नक्की यंत्र आहे, असं मी ठरवून टाकलं. रडार डिटेक्टर. पुढे रडार असलं की आधीच बोंब मारणारं यंत्र. फोनवरचं ॲप तो वापरत नव्हता. हँडलवर फोन उन्हानं तापून बंद पडतो म्हणून त्यानं तो लावायचंच सोडलं होतं. मी आडून विचारलं तर हसून म्हणाला, "आपलं सगळं देवावर, साडूभाऊ." देवावर म्हणे. मी त्याच्या गाडीची सीटखालची वायरिंगसुद्धा एकदा टायर बघायच्या निमित्तानं पाहून घेतली. काही सापडलं नाही, तेव्हा ते यंत्र फारच भारी असणार अशी माझी खात्री झाली.

डिटेक्टर लावायला इथे बंदी आहे, हे मला माहीत होतं. पण जळणाऱ्या माणसाला कायदा फार आठवत नाही. मुसफ्फातच गाड्यांचं सामान विकणारं एक दुकान होतं. मालक केरळचा. मी आवाज खाली आणून विचारलं तेव्हा त्यानं शटरकडे एकदा पाहिलं आणि हेल्मेटच्या खोक्यांमागून तीन डबे काढले. पहिलं यंत्र नुसतं वाजणारं. ते कारमध्ये ठीक, पण मोटरसायकलवर हेल्मेट आणि वाऱ्यात बाजूनं ट्रक गेला तरी कळत नाही, तिथे ते काय ऐकू येणार? दुसऱ्याला दिवा होता. दुकानाबाहेरच्या उन्हात धरून पाहिला तर तो लागलाय की विझलाय हेच दिसेना. तिसऱ्याला कानात घालायचं इअरफोनचं बोंडूक होतं आणि पावसापाण्याचं त्याला भय नव्हतं. इथे पाऊस वर्षातून चार दिवस पडतो, तरी मला तो गुण फार मोलाचा वाटला, कारण साडूच्या यंत्रात तो असणार. "भाई, इसको बाहर मत दिखाना," दुकानदार म्हणाला. मी ते आरशाच्या दांड्याला बॅटरीच्या वायरीवर जोडून घेतलं आणि घरी सांगितलं की टायरमधली हवा दाखवणारं मीटर आहे.

पहिला आठवडा मी त्या यंत्राच्या तालावर काढला. पेट्रोल पंपावरच्या दुकानाचं काचेचं दार आपोआप उघडलं की ते वाजे. नव्या मोठ्या गाड्यांना आजूबाजूचं बघायला स्वतःचं छोटं रडार असतं. अशी गाडी शेजारून गेली की ते वाजे, आणि या देशात नव्या मोठ्या गाड्यांना तोटा नाही. खरं रडार आलं की कधी वाजे, कधी त्याला ओलांडून गेल्यावर वाजे. मुलीला मी पार्किंगमध्ये सीटवर बसवलं तर ती म्हणाली, "बाबा, युअर टायर थिंग इज बीपिंग अगेन." तरी मी त्याला दोष दिला नाही. मला अजून नीट वापरता येत नाही, साडूला येतं, असंच मी समजत होतो.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, साडू आणि मेहुणी आमच्याकडे जेवायला येणार होते. मोटरसायकलवरून. शुक्रवारी संध्याकाळी बायको भाजी निवडत होती आणि फोन स्पीकरवर होता. दोघी बहिणी रोज असा तासभर बोलायच्या. काय बोलतात याकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. तेव्हाच माझ्या डोक्यात तो पूल आला. पाटी बदलल्यापासून ते आमच्याकडे आले नव्हते. आणि साडू दुबईचा. दुबईत पाटीवरच्या आकड्याच्या वर वीसपर्यंत रडार गप्प बसतं. अबू धाबीत पाटीवर जो आकडा तोच आकडा, एकानंही वर चालत नाही. दुबईची माणसं सीमा ओलांडली तरी ते वीस मनात घेऊनच येतात. शंभराची पाटी बघून तो सरळ एकशेअठरानं येणार.

त्याला सांगणं माझं काम होतं. मी पाटलोण बदलायला आत निघून गेलो आणि सांगितलं नाही.

ते येणार असले की मी सीमेनंतरच्या पहिल्या पेट्रोल पंपावर त्यांना घ्यायला जायचो. त्या दिवशीही गेलो, कडक चहा पाजला, आणि म्हणालो, "तू हो पुढे. मी येतो मागून." तो मोठ्या मनानं पुढे झाला. पुलाच्या दोन किलोमीटर अलीकडे काटा एकशेअठरावर होता, त्याचाही आणि त्याच्या मागे माझाही. पूल दिसायला लागला. मी वेळेवर हळू करणार होतो आणि तो सापडताना डोळे भरून बघणार होतो. एवढा आनंद मला बोनस मिळाला तेव्हाही झाला नव्हता.

तेवढ्यात मेहुणीचा हात वर आला आणि तिनं त्याच्या पाठीवर दोनदा थापटलं. भर हायवेवर ही काय सलगी, असं माझ्या मनात आलं आणि नाकाला मिरच्या झोंबल्या. पुढच्या क्षणी साडूच्या गाडीचा लाल दिवा लागला. वेग कमी होत होत बरोबर शंभरावर आला. मी बघतच राहिलो. कानातलं यंत्र शेजारच्या पांढऱ्या गाडीसाठी ओरडत होतं. मी साडूच्या हँडलकडे वाकून बघत बघत त्याच्या बाजूनं पुढे निघून गेलो, आणि पुलाच्या सावलीत मला तो पांढरा लखकन उजेड दिसला.

घरी येईपर्यंत मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. जेवायला बसलो. बायकोनं कोंबडीवडे केले होते. साडू तिसऱ्यांदा मागून घेत होता आणि मी तिच्या फोनकडे बघत होतो. भात वाढताना तो वाजला. तिनं हात पुसले आणि मेसेज सगळ्यांसमोर वाचला. तीनशे दिरहॅम, म्हणजे सात हजार रुपये. मग तिनं पुलाचं नाव वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"भावोजी, त्याच रडारवर?" मेहुणी म्हणाली. "अहो, ते तर तुमचंच. ताईनं मला त्याच दिवशी सांगितलं होतं."

पुढचं तिनं अगदी भाबडेपणानं सांगितलं. माझा दंडाचा मेसेज आला की त्याच संध्याकाळी ताईकडून तिला जागा कळायची. मग ती जागा पाठ करून ठेवायची. ओळखीपाळखीत आणखी कोणी सापडलं तर तेही. साडूचं लक्ष कशातच नसतं, त्याला फक्त गाडी जोरात चालवता येते. जागा आली की ती पाठीवर दोनदा थापटते आणि तो हळू करतो. लग्न झाल्यापासून हेच चाललंय.

"तुमच्यामुळे वाचलो की हो मी, साडूभाऊ," साडू म्हणाला. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं. मी समोरचा भात कालवत बसलो.

नंतर स्वयंपाकघरात मी बायकोला विचारलं, मला का नाही सांगितलंस. ती भांडी विसळत होती. "तुम्हाला काय सांगायचं? तुम्हालाच तर दंड झालेला असायचा," ती म्हणाली. मग नळ बंद करून म्हणाली, "आणि मागे बसून सांगत होते तेव्हा पेट्रोल पंपावर काय म्हणालात ते आठवतं ना?"

आठवत होतं. पहिल्या वर्षी ती माझ्या मागे बसायची. रडार दिसलं, वळण आलं, ट्रक आला की पाठीवर थाप मारायची. एकदा पेट्रोल भरताना मी सगळ्या लोकांत तिला म्हणालो होतो, मागे बसून गाडी चालवायची असेल तर तू पुढे ये, मी मागे बसतो. तिनं घरी येऊन हेल्मेट कपाटावर ठेवलं ते परत काढलं नाही. तिच्या कमरेला कधीच काही झालं नव्हतं.

"फोटो काढा गाडीचे, जाहिरात टाकते," ती म्हणाली. "आणि ते हवेचं मीटर काढून टाका आधी."

मी वाद घातला नाही. एकच मागणं मागितलं, गाडी जायच्या आधी एकदा फुजैराला जाऊ या, तू मागे बस. पुढच्या शनिवारी सकाळी ती कपाटावरचं हेल्मेट पुसत होती.

मी अख्खा रस्ता नव्वदनं गेलो. तिचे हात सीटच्या मागच्या दांडीला होते. डोंगर लागले तरी पाठीवर काही नाही. नव्वदनं जाणाऱ्या माणसाला काय सांगणार? साडूनं ती थाप इतकी वर्षं खाल्ली, महिन्यातून चार शनिवार, आणि त्याला तिची किंमतही माहीत नाही, या विचारानं माझा इतका जळफळाट झाला की त्याच्या हजार सीसीनं कधी झाला नव्हता. पुढे एक रडार आहे हे मला माहीत होतं. माझा दुसरा दंड तिथलाच. मी मुद्दाम ॲक्सिलरेटरला पीळ दिला. शंभर, एकशेदहा, एकशेवीस. बघू तिला आठवतंय का.

पाठीवर तळहात पडला. एकदा, आणि मग जरा जोरात दुसऱ्यांदा. मी हळू केलं. समुद्र दिसेपर्यंत मला समोरचं जरा अंधुकच दिसत होतं आणि ते काचेवरच्या धुळीनं नव्हतं.

गाडी त्याच आठवड्यात एका तरुण पाकिस्तानी मुलानं नेली. बायकोनं शब्द पाळला, मीही हूं की चूं केलं नाही. आता आम्ही त्या जुन्या कारमधून जातो. ती शेजारी बसते आणि रडार आलं की तोंडानं सांगते. मी लगेच ऐकतो. साडू अजून मोटरसायकलवर आहे, आणि ते आमच्याकडून निघाले की मी गॅलरीत उभा राहून मेहुणीचा हात कुठे आहे ते बघतो.