टेप निघाली म्हणजे झालं

माझ्या गाडीचा उजवा दिवा लख्ख राहिला आणि डावा पुन्हा पिवळा पडला. दोन्ही एकाच माणसाने, एकाच दिवशी घासले होते. हे गेल्यापासून गाडी मीच चालवते, उभीही एकाच जागी करते. मग एका डोळ्यात मोतीबिंदू आला आणि दुसऱ्यात नाही, असं कसं झालं? मला काही उलगडेना.

कोपऱ्यावरच्या गॅरेजच्या कडेला, पत्र्याच्या आडोशाखाली बसणाऱ्या त्या माणसाला सगळे डोळेवाला म्हणतात. गाड्यांच्या पुढच्या दिव्यांवरची प्लास्टिकची झाकणं उन्हाने धुरकट होतात. ती तो घासून साफ करतो. एका वेळी एकच दिवा घ्यायचा. आधी त्याच्या कडेने कागदी टेप चिकटवायची, म्हणजे रंगाला ओरखडा जात नाही. मग पाणी मारत पॉलिशपेपरने घासायचं. तेव्हा दिवा दुधासारखा पांढरा होतो आणि नवखं गिऱ्हाईक हाय खातं. "अहो, होता तो बरा होता!" असं ओरडलेला एक गृहस्थ मी स्वतः पाहिला आहे. डोळेवाला नुसता हसतो आणि बारीक, आणखी बारीक कागद घेत जातो. शेवटी पॉलिशने दिवा आरशासारखा होतो. पण खरं काम त्याच्यापुढे असतं. उन्हापासून जपणारं लॅकर वरून दिलं नाही, तर काही महिन्यांत दिवा पुन्हा जैसे थे. लॅकर वाळलं की मगच तो टेप काढतो.

"डोक्याचा काय भरवसा, काकू? मी टेपकडे बघतो. टेप आहे म्हणजे बाकी आहे, टेप निघाली म्हणजे झालं."

पण मी डावा दिवा दाखवला, तेव्हा त्याचा चेहरा उतरला.

"ह्यालाही लॅकर नाही," तो बोट फिरवत म्हणाला. "काकू, तुम्ही इथेच स्टुलावर बसला होतात. मी लावलं होतं ना?" तो माझ्या तोंडाकडे पाहू लागला.

मी आठवून पाहिलं. त्याच्या हातातला लॅकरचा डबा मला स्पष्ट आठवत होता, पण तो उजव्या दिव्याजवळ उभा होता की डाव्या, ते काही केल्या आठवेना. हो म्हणावं तर खोटं, नाही म्हणावं तर त्याच्या जिवाला घोर.

आतून गॅरेजवाला ओरडला, "डोळेवाले, आणखी एक काणा आला का?"

डोळेवाला हसला नाही. हळू आवाजात म्हणाला, "वर्षभरात असे बरेच आले. दर वेळी एकच दिवा. माझ्या वडिलांचंही असंच सुरू झालं, काकू. आधी एका पायातली चप्पल विसरले, मग घराचा रस्ता, मग आम्हाला. बायको म्हणते, तुम्ही हल्ली फार विसरता. हा तुमचा डावा केला की मी पत्रा सोडणार. लोकांच्या गाड्या बिघडवण्यापेक्षा घरी बसलेलं बरं."

त्याने टेप लावली, घासलं, पॉलिश केलं. दिवा झळझळीत झाला. मग हात धुवायला तो मागच्या नळावर गेला.

तेवढ्यात त्याची बायको जेवणाचा डबा घेऊन आली. ती एका कारखान्यात शिवणकामाला जायची. तो कारखाना बंद पडल्यापासून, म्हणजे गेल्या वर्षापासून, दुपारी स्वतः डबा आणते. बाईचे हात मोठे चळवळे. बोलता बोलता तिने माझ्या खांद्यावरचा दोरा टिपला, स्टुलावरची धूळ झटकली आणि "गुडघे कसे आहेत, काकू?" असं विचारत दिव्याची टेप सर्रकन ओढून काढली.

मला वाटलं, झालं वाटतं काम. पण लॅकरचा डबा तर झाकण घट्ट लावलेला तसाच पडून होता. मी पुन्हा दिव्याकडे पाहिलं, पुन्हा डब्याकडे. आता मीच विसरायला लागले की काय?

डोळेवाला हात पुसत आला आणि गाडीकडे पाहून म्हणाला, "चला, झालं तुमचं."

"अहो, पण लॅकर कधी लावलंत?"

"टेप निघाली म्हणजे..." तो मध्येच थांबला. बायको बोटांत टेपची गोळी वळत उभी होती. तो तिच्या बोटांकडे पाहतच राहिला.

"तू काढलीस?"

"मग! चिकटलेली दिसली, काढली."

"नेहमी काढतेस?"

"दिसली की काढते. तुम्ही विसरता ना हल्ली!"

मला वाटलं, आता तो चिडणार. पण त्याने गॅरेजच्या दिशेने तोंड करून एवढ्या मोठ्याने आरोळी ठोकली, की आतला पाना खाली पडल्याचं मी ऐकलं. "अहो मालक! मी विसरत नाही! ही काढते!"

"काय काढते?" आतून आवाज आला.

बायकोला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने ती गोळी उलगडून पुन्हा दिव्याला चिकटवायचा प्रयत्न केला. ती काही चिकटेना. "मला वाटलं, माझा तेवढाच हातभार," ती म्हणाली आणि पदराने डोळे टिपू लागली.

त्याने नवी टेप लावली, लॅकर दिलं. वाळेपर्यंत दोघं शेजारी बसून जेवली. ती दोन्ही हात मांडीखाली घालून बसत होती, घास घेण्यापुरता एक बाहेर काढत होती.

शेवटी तो म्हणाला, "आता काढ."

"नक्की झालं ना?" तिने विचारलं. पुढे होईना.

"झालं," तो म्हणाला. या वेळी त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही.