मंगळवारी सकाळी दुकान बंद

मंगळवारी सकाळी आमच्या शिवणकामाच्या दुकानाला कुलूप असतं. गिऱ्हाइकं कुरकुरतात, टेलरबाईंना भाव चढलाय म्हणतात. म्हणू देत. टेलरबाई म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मंगळवारी सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची तपासणी असते आणि सोळा-सतरा वर्षांची एखादी पोरगी त्यांच्यासोबत असतेच. रांगेत कुणी त्या पोरीकडे टक लावून बघायला लागलं, की जाऊबाई मधे उभ्या राहतात. अंगानं त्या चांगल्या भरलेल्या आहेत, पोरगी पार झाकली जाते.

बोलायला मात्र फार कंजूष. मी दिवसभर बोलायचं आणि त्यांनी "हं" म्हणायचं, असा दोन मशिनींवर आमचा वीस वर्षांचा संसार. नवऱ्यांशीसुद्धा एवढा जमला नाही. आमच्या धंद्यात टेपला सगळं आधी कळतं. कोण वाळलं, कोण सुटलं, कुणाला दिवस गेलेत. दुकानातलं दुकानातच ठेवायचं, हा जाऊबाईंचा नियम. मला तो फार थोर वाटायचा.

चार वर्षांपूर्वी ही मंगळवारची सुट्टी नव्हती. तेव्हा मागच्या गल्लीतली दहावीची एक पोरगी शाळेचा गणवेश घेऊन आली. आम्ही तिला चिमणीच म्हणायचो.

"कमरेत घट्ट होतोय, काकू."

जाऊबाईंनी टेप लावला. खांदा तेवढाच, बाही तेवढीच, कंबर तेवढी वाढलेली. पोरगी खाली बघत होती. "आईला सांगू नका," एवढंच म्हणाली. जाऊबाईंनी एका शब्दानं विचारलं नाही. शिवणीत दोन्ही बाजूंना जादा कापडाची माया ठेवलेली होती, त्यातली थोडी सोडून गणवेश सैल करून दिला. दया आली म्हणून दिला, दुसरं काही नाही.

दीड महिन्यानं ती परत आली, तेव्हा जाऊबाई कापड आणायला गेल्या होत्या. उरलेली माया मी सोडली. वर शहाणपणानं सांगितलं, "दप्तर जरा पोटाशी धरून चालत जा." मला वाटलं, मी पोरीला सांभाळून घेतेय. जाऊबाई परतल्यावर त्यांनाही सांगितलं, त्या "हं" म्हणाल्या. एरवी माझ्या जिभेला हाड नाही, पण दवाखान्याचं नाव काही त्या दिवशी तिच्यावर आलं नाही.

आठव्या महिन्यात चिमणीला वर्गात झटके आले. शाळेतून निरोप आला, तशा आम्ही दोघी तिच्या आईमागोमाग दवाखान्यात धावलो. संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होतो. पोरगी वाचली. बाळ गेलं.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. दमलेल्या होत्या, रागावलेल्याही. "रक्तदाब फार वाढला होता. महिन्याच्या महिन्याला तपासलं असतं तर आधीच कळलं असतं. आठ महिने घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"गणवेश बसत होता हो तिला," आई म्हणाली. "रोज माझ्यासमोर घालून जायची. मला कसं कळणार?"

डॉक्टरीणबाई आत गेल्या. आई आमच्याकडे बघून तेच पुन्हा म्हणाली, जणू आम्ही तरी तिला साक्ष देऊ. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

जाऊबाई उठल्या, तिच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मला माहीत होतं. गणवेश मी सैल करून दिला."

तिला आधी उमगलंच नाही. मग तिनं विचारलं, "कितीदा?"

जाऊबाईंनी माझ्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही.

"दोनदा," त्या म्हणाल्या. "दोन्ही वेळा मीच."

मी त्यांच्या शेजारीच होते, आणि मी गप्प राहिले.