शेठच्या तळघरातलं थेटर

हसणार नसाल तर सांगते. नाही, हसालच तुम्ही. हसा, पण हातातला चहा सांडू नका. नुसती मान हलवून एवढा मोठा घोटाळा मंचरमध्ये दुसऱ्या कुणी केला असेल असं मला वाटत नाही.

माझी अडचण एकच आहे. माझी मान हलते, जीभ हलत नाही. वर्गात बाईंनी "समजलं का?" विचारलं की मान हलते. दुकानदाराने "हाच ना?" म्हणत भलताच साबण पुढे केला तरी मान हलते. त्या साबणाने आमचं सगळं घर महिनाभर खाजवत होतं.

मागच्या वर्षी मी नववीत होते तेव्हाची गोष्ट. माझे वडील सुतारकाम करतात. आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. कपाटाचं, दिवाणाचं चित्र गिऱ्हाइकाला आधी दाखवावं लागतं, ते मी काढते. माझी चित्रकला बरी आहे, आणि चित्र काढताना बोलावं लागत नाही.

पायल माझ्या बाकावर बसायची. मला मैत्रीण एकच, ती पायल. तिचे पप्पा कांदा-बटाट्याचे व्यापारी, सगळे त्यांना शेठ म्हणतात. त्यांच्या नव्या बंगल्याला तळघर आहे. आधी तिथे बियाण्याचे बटाटे ठेवायचे. एक दिवस त्यांनी आण्णांना बोलावलं. मी मापं घ्यायला टेप धरते, म्हणून सोबत गेले.

"मिस्त्री, इथं होम थेटर करायचंय," शेठ म्हणाले. "पुण्याला साडूच्या घरी बघितलं. समोर एक झकास स्टेज पाहिजे. चित्र तुमच्या पोरीलाच काढू द्या. काय गं, समजलं ना?"

मान हलली.

आता तुम्हीच सांगा, मला कुठून समजणार? आमच्याकडे सिनेमा लागतो त्याला टॉकीज म्हणतात. थेटर म्हणजे स्टेज, पडदा आणि स्टेजवर जिवंत माणसं! शेठना घरात नाटकं करायची आहेत, असं मी धरून चालले. श्रीमंत माणसं, काहीही करतील!

आणि खरं सांगू? मला ते फार आवडलं. शाळेच्या गॅदरिंगमध्ये मला बोलायचं काम कधीच मिळत नाही. बाई म्हणतात, तुझा आवाज पहिल्या रांगेपर्यंतसुद्धा पोचत नाही. पण शेठचं तळघर केवढंसं! पंधरा-वीस माणसं, तीही ओळखीची. तिथे माझा आवाज पोचला असता. मला एकदा स्टेजवर उभं राहून चार वाक्यं न अडखळता बोलायची होती. बस्स, एवढंच. त्यासाठी हा सगळा उपद्व्याप.

मी पायलला भीत भीत विचारलं, "थेटरमध्ये मला पण घेशील?"

"म्हणजे काय! पहिल्या दिवशी तू पाहिजेसच."

"आणि पडदा गं?"

"पप्पांनी पुण्याला सांगितलाय. पांढरा."

"पांढरा? शी! लाल पाहिजे. मखमली."

"लाल? लाल पडद्यावर कसं दिसेल?"

"पडद्यावर नाही गं, पडद्यामागे!"

पायल गोंधळली. "पप्पांना विचारते," म्हणाली. पप्पा तेव्हा बियाणं आणायला पंजाबात गेले होते. फोनवर नुसती खरखर. त्यातून "मिस्त्रीला म्हणावं, काय लागंल ते करा" एवढंच ऐकू आलं.

झालं! मग मी काय ऐकते? अडीच फूट उंच स्टेज. दोन्ही बाजूंना विंगा. चढायला पायऱ्या. पुढे दिव्यांसाठी खोबण. आणि आतून सगळं पोकळ, म्हणजे पाऊल पडलं की आवाज घुमावा.

आण्णांनी चित्र उलटसुलट करून पाहिलं. "आशे, लई उंच होतंय. शेठचं डोकं छताला लागंल."

माझी स्वतःची उंची बेताचीच. मला छत लांबच वाटत होतं. मी म्हणाले, "आण्णा, मागच्या रांगेला पाय दिसले पाहिजेत."

"कुणाचं पाय?"

"नाचतील त्यांचे."

"शेठच्या घरात नाचणार कोन?" आण्णांनी डोकं खाजवलं. पण शेठनीच तर सांगितलं होतं, पोरीला काढू द्या. आण्णांनी रंधा काढला.

पडदा शिवायला आमच्याच गल्लीतली सुलभामावशी. मखमलीचा ढीग बघून तिचे डोळे मोठे झाले.

"एवढा पडदा? कशाचा गं?"

"थेटरचा."

"कुठं?"

"तळघरात."

"तळेघरात? भीमाशंकरच्या वाटंला? अगं, तिथं यष्टी जाईना धड, थेटरला कोन जाणार?"

"तळेघर नाही. तळघर. शेठचं."

मशीन थांबलं. मावशीने चष्मा कपाळावर सरकवला.

"शेठच्या घरात थेटर? म्हंजी, नारायणगावसारखं?"

नारायणगाव तमाशाच्या फडांचं गाव, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही ठाऊक होतं. पण मी विचार केला, तिथलेही कलाकारच की. मान हलली.

"नाचगाणं?"

पायल दर गॅदरिंगला नाचते. मान हलली.

"घरात? लेकीबाळी असताना?"

लेकीबाळींसाठीच तर होतं! मान इतक्या जोरात हलली की रिबीन सुटली.

दुसऱ्या दिवशी पडदा शिवून तयार होता. बातमीही. बाजारात एका हमालाने आण्णांना हटकलं, "काय मिस्त्री, थेटरचा रेट किती ठेवलाय?" आण्णांना वाटलं, कामाची मजुरी विचारतोय. ते म्हणाले, "शेठ आल्यावर ठरवतील." त्यामुळे तर खात्रीच पटली सगळ्यांची. "पुढची खुर्ची आपल्याला ठेवा बरं का भाऊ!" असं दहा जण सांगून गेले. आण्णा घरी येऊन म्हणाले, "लोकांना नाटकाची लई आवड दिसतीय गं."

शाळेत मुलं पायलला विचारायला लागली, "काय पायल, घुंगरू कधी बांधणार?" ती बाकावर डोकं ठेवून रडली. "कोणीतरी मुद्दाम बदनामी करतंय आमची," म्हणाली. मी तिला माझा रुमाल दिला. तेव्हासुद्धा ते कोणीतरी कोण, हे माझ्या ध्यानात आलं नाही. एवढी मी हुशार!

शेठ परत येणार त्या दुपारी स्टेज पूर्ण झालं. आण्णा किटली घेऊन चहा आणायला गेले. तळघरात मी एकटी. बटाट्याचा वास अजून गेला नव्हता, पण लाकडाच्या वासापुढे तो कमी झाला होता. मी लाल पडदा सरकवला आणि मधोमध उभी राहिले. माझं भाषण मीच रचलं होतं. पहिलं वाक्य म्हणाले, "मी कुणालाही घाबरत नाही!"

काय घुमलं म्हणता! भिंतींना लागून माझाच आवाज माझ्याकडे परत आला.

आणि जिन्यावरून टाळ्या आल्या.

एक पन्नाशीच्या बाई, त्यांच्यामागे टोपीवाला मॅनेजर. "आवाज ब्येस हाय की गं पोरी!" बाई म्हणाल्या. "आमी नारायणगावचं. इथं थेटर निघालंय म्हणं, म्हनलं तारीख मिळती का बघावी."

त्यांनी चपला काढल्या, स्टेजला हात लावून कपाळाला लावला आणि वर आल्या. एक पाय आपटला. धाडकन् आवाज झाला. "ऐकलं का वो?" त्या मॅनेजरला म्हणाल्या. "आपलं स्टेज निस्तं करकरतंय. आन् हे बघा! कुनी केलं गं?"

"मी," मी म्हणाले. मोठ्याने म्हणाले, शप्पथ! "चित्र मी काढलं. आण्णांनी बांधलं."

"हातात कला हाय तुज्या."

या स्टेजचं कौतुक म्हणून जे काही झालं ते एवढंच. ते मी जपून ठेवलंय, कारण पुढच्या क्षणी जिन्यावर शेठ आले. त्यांच्यासोबत पुण्याचा साउंडवाला, मागे पायल, तिची मम्मी, तिची आजी, आणि सर्वांत मागे किटली धरलेले आण्णा.

"राम राम शेठ!" मॅनेजर पुढे झाला. "थेटर लई झकास. आता तारखेचं बोला."

"कसली तारीख?"

"पयल्या खेळाची!"

शेठनी एकदा बाईंकडे पाहिलं, एकदा लाल पडद्याकडे, आणि खालचा ओठ चावला. पायलच्या आजीने तोंडाला पदर लावला.

साउंडवाला मात्र स्टेजभोवती फिरत होता. त्याने बोटाने टकटक केली. "शेठ, हे काय आहे? स्टेज म्हणजे वीतभर उंचीचा चौथरा. वर स्पीकर ठेवायचे, मागे पांढऱ्या पडद्यावर सिनेमा बघायचा. आत वाळू ठासून भरायची. आवाज घुमता कामा नये! हा तर ढोल झालाय ढोल!"

सिनेमा! अगं बाई, सिनेमा!

"ही अक्कल कुणाची?" शेठ गरजले.

सगळे वर बघायला लागले. वर कोण? बाई आणि मी. स्टेजच्या मधोमध, मागे लाल मखमल, समोर ओळीने माणसं, तीही बहुतेक ओळखीची. मला जसं हवं होतं अगदी तसं. आणि बोलायचा होता तो फक्त एक शब्द. माझी.

मी तोंड उघडलं. पायल माझ्याकडेच बघत होती. तोंड उघडंच राहिलं.

"चूक माजी, शेठ," मागून आण्णा म्हणाले. "पोरीनं बरोबर काढलं व्हतं. म्याच इस्कोट केला."

तरीही मी बोलले नाही. बाई माझ्याकडे बघत जरा थांबल्या. मग खाली उतरल्या, चपला घातल्या आणि मॅनेजरला "चला" म्हणाल्या. त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

आण्णांनी स्टेज दोन दिवसांत उचकटलं. त्या दोन दिवसांत ते माझ्याशी बोलले फक्त "पक्कड दे" आणि "खिळे गोळा कर". मखमलीच्या आम्ही उशा केल्या. पाहुणे म्हणतात, काय थाट आहे राव!

गावातलं बोलणं काही थांबलं नाही. उलट फडाच्या बाई शेठच्या घरी येऊन गेल्याचं चार जणांनी पाहिलं होतं, त्यामुळे ते पक्कंच झालं. पायलने बाक बदलला. एक दिवस मधल्या सुट्टीत मी सगळं बळ गोळा करून तिच्यापुढे उभी राहिले.

"पायल, ते सुलभामावशीला... मीच..."

"तू?" ती हसली. "तू काय सांगणार कुणाला? तुला बोलता तरी येतं का? मम्मीने सांगितलंय, मिस्त्रीच्या घरच्यांशी बोलायचं नाही. जा."

बघा म्हणजे! कबूल केलं तरी कुणाचा विश्वास नाही.

नवं स्टेज वीतभर उंच झालं. घोडनदीची वाळू आणून अंगणात वाळवली, चाळली आणि घमेल्याने मीच आत भरली. साउंडवाल्याने वर उड्या मारल्या. कसलाही आवाज नाही. तो खूश झाला.

सिनेमाच्या पहिल्या दिवशी शेठनी आण्णांना बोलावलं. शेवटी काम चांगलंच झालं होतं. आण्णा मला म्हणाले, "चल." आम्ही जिन्यापाशी उभे राहिलो. पायल पुढच्या सोफ्यावर होती. तिने मागे वळून पाहिलं नाही. स्पीकर इतके धडधडले की माझे दात हलले, पण स्टेज गप्प.

सिनेमाच्या मध्ये दिवे लागले. साउंडवाल्याने स्टेजवर थाप मारली. "असं स्टेज पाहिजे बघा! वर काहीही होऊ द्या, आतून हूं नाही की चूं नाही."

आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांच्या मिशा हलल्या.

"मग शेठ, येवढी वाळू कशाला आणाय लावली?" ते म्हणाले. "हिलाच आत बसवली असती!"

शेठ सोफ्यावर मागे पडून हसले. मम्मी हसली, आजी हसली, पायलसुद्धा हसली.

मीही हसले. आवाज न करता.